स्वतःपुरतं बघणारा डीएनए आणि मायटोकॉन्ड्रियाचे विचित्र जीनोम

माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतला ऊर्जा काढणारा भाग) जो छोटासा वेगळा डीएनए असतो तो 16,569 अक्षरांचा आहे (अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी), त्यात 37 जनुकं, आणि जनुकांच्या मध्ये मोकळी जागा जवळपास नाहीच, दोन-चार जनुकं तर चक्क एकमेकांवर चढलेली आहेत इतकी दाटी. 1981 मध्ये केंब्रिजला हा अख्खा क्रम वाचला गेला आणि नंतर बरीच वर्षं लोकांच्या डोक्यात असंच बसलं की मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम (त्याचा सगळा डीएनए) म्हणजे लहान, गोल, आटोपशीर, त्यात फालतू काही नसतं. आपण प्राणी आहोत म्हणून आपल्याला हे नॉर्मल वाटतं, बाकी काही नाही. एकपेशीय जीवांकडे बघायला लागलं की हे चित्र पार मोडतं. मलेरियाच्या प्लाझ्मोडियममध्ये हाच जीनोम जेमतेम 6 हजार अक्षरांचा, आणि प्रोटीन बनवणारी जनुकं फक्त 3. सॅकरोमायसीस सेरेव्हिसी हे लॅबमधलं नेहमीचं यीस्ट घ्या, तिथे तो 85 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या पाचपट, पण प्रोटीनची जनुकं मात्र आपल्या 13 च्या ऐवजी 8 च. आणि गोड्या पाण्यात राहणारा रेक्लिनोमोनास अमेरिकाना नावाचा एक शेपटीवाला जीव आहे, त्याचा जीनोम 1997 मध्ये वाचला, 69,034 अक्षरं आणि 97 जनुकं, त्यातली काही अशी की जी तोपर्यंत फक्त बॅक्टेरियात बघितलेली होती.

काम सगळीकडे साधारण तेच, ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढायची. पूर्वजही एकच. मग आकार, जनुकांची संख्या, रचना यात इतका फरक का? उत्तरं अनेक आहेत, पण त्यातलं एक मोठं उत्तर सहसा बाजूला राहून जातं म्हणून हा लेख. त्या डीएनएमधले काही तुकडे पेशीसाठी काही करतच नाहीत, ते स्वतःच्या कॉपी वाढवतात, आणि त्यांच्या या उद्योगातून जीनोमची रचना बदलत जाते. यांना मोबाईल जेनेटिक एलिमेंट म्हणतात, आपण फिरते तुकडे म्हणू.

आधी पार्श्वभूमी उरकून घेऊ. मायटोकॉन्ड्रिया हे मुळात स्वतंत्र बॅक्टेरिया होते, अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटातले, दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पेशीच्या आत राहायला आले ते कायमचे. लिन मार्गुलिस यांनी 1967 मध्ये ही कल्पना जोरात मांडली तेव्हा बऱ्याच लोकांना पटली नव्हती, आता ती पाठ्यपुस्तकात आहे. त्या बॅक्टेरियाकडे हजारो जनुकं असणार, त्यातली बहुतेक एकतर हरवली किंवा पेशीच्या केंद्रकात, म्हणजे न्यूक्लियसमध्ये, जाऊन बसली. हे अजूनही होतं आणि यीस्टमध्ये ते मोजलंय. 1990 मध्ये थॉर्सनेस आणि फॉक्स यांनी मायटोकॉन्ड्रियात असं एक जनुक ठेवलं जे केंद्रकात पोचलं तरच पेशी वाढेल, आणि दिसलं की दर पिढीला 1 लाख पेशींमागे साधारण 2 पेशींमध्ये डीएनए तिकडे पोचतो. उलट दिशेचा प्रवास मात्र किमान 1 लाख पट दुर्मीळ. म्हणजे गळती एकाच बाजूला. जनुकं कमी कशी होत गेली हे यातून बऱ्यापैकी कळतं, पण यीस्टचा जीनोम पाचपट कसा फुगला हे कळत नाही.

त्यासाठी फिरत्या तुकड्यांकडे यावं लागतं. डीएनएचे तुकडे जागा बदलतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यावर काम करताना दाखवलं, त्याचं नोबेल त्यांना 1983 मध्ये मिळालं. पण असे तुकडे का टिकतात, याचं सरळ उत्तर 1980 मध्ये आलं, नेचरच्या एकाच अंकात दोन लेख, एक डूलिटल आणि सपिएन्झा यांचा, दुसरा ऑर्गेल आणि क्रिक यांचा. मुद्दा असा, की एखादा तुकडा पेशीच्या काहीही कामाचा नसला तरी तो जर बाकीच्या डीएनएपेक्षा जास्त वेळा कॉपी होत असेल तर तो पसरणारच, त्याला पसरायला दुसरं कारण लागत नाही. पेशीचं थोडं नुकसान झालं तरी चालतं, फक्त इतकं होऊ नये की पेशीच मरेल. सेल्फिश डीएनए हा शब्द तिथूनच रूढ झाला. जीवशास्त्र शिकताना आपल्याला सवय लागते की दिसली गोष्ट की लगेच विचारायचं, याचा उपयोग काय. मला प्रामाणिकपणे वाटतं की मायटोकॉन्ड्रियाच्या बाबतीत हा प्रश्न पहिला विचारला की माणूस भरकटतो. आधी विचारायचं, हा तुकडा इथे आला कसा आणि टिकला कसा.

आता यातली सगळ्यात नीट समजलेली केस बघू, कारण ती एक कळली की बाकीच्या पटापट कळतात.

1970 च्या आसपास फ्रान्समध्ये पॅरिसजवळ जिफ-सुर-इव्हेट इथे पिओत्र स्लोनिम्स्की यांच्या लॅबमध्ये यीस्टचे क्रॉस, म्हणजे दोन प्रकारच्या यीस्टचे संकर, चालले होते. यीस्टच्या दोन पेशी एकत्र येतात तेव्हा दोघांच्याही मायटोकॉन्ड्रिया एकाच पेशीत मिसळतात, त्यांचे डीएनए भेटतात, तुकडे अदलाबदल करतात. (माणसात असं होत नाही, आपल्या मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) कुठला तुकडा कुणाकडून आला हे ओळखायला त्यांनी अँटिबायोटिकचा रेझिस्टन्स वापरला, क्लोरॅम्फेनिकॉल आणि एरिथ्रोमायसिन. ही औषधं बॅक्टेरियाच्या रायबोझोमवर (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर) चालतात आणि मायटोकॉन्ड्रियाचे रायबोझोम त्याच वंशाचे, म्हणून त्यांच्यावरही चालतात. अपेक्षा अशी की पुढच्या पिढीत दोन्ही पालकांच्या खुणा साधारण बरोबरीने दिसाव्यात. पण काही क्रॉसमध्ये एकाच पालकाच्या खुणा जवळपास सगळ्या संततीत यायच्या, आणि तेही जीनोमच्या एका ठराविक भागापुरतंच, लांबच्या खुणा मात्र नीट वाटल्या जायच्या. ज्या यीस्टची बाजू जिंकायची त्यात काहीतरी आहे असं धरून त्या अज्ञात गोष्टीला ओमेगा नाव दिलं. जिंकणारं ओमेगा प्लस, हरणारं ओमेगा मायनस. ते नक्की काय आहे हे कळायला पुढची पंधरा वर्षं गेली, आणि त्यात बर्नार्ड द्युजाँ यांचं काम फार मोठं आहे.

ओमेगा म्हणजे एक इंट्रॉन निघाला. इंट्रॉन हा जनुकाच्या मध्येच बसलेला असा भाग असतो की जो आरएनएमध्ये, म्हणजे जनुकावरून काढलेल्या प्रतीत, उतरतो पण नंतर कापून काढला जातो आणि दोन्ही बाजूंचे भाग जोडले जातात. गोष्टीच्या मधोमध कुणीतरी एक असंबद्ध परिच्छेद घुसवावा आणि त्या परिच्छेदातच लिहिलेलं असावं की वाचताना मला गाळा, आणि जिथे मी नाही त्या प्रतीत मला उतरवून घ्या, तसा हा प्रकार. ओमेगा साधारण 1,100 अक्षरांचा आहे आणि मोठ्या रायबोझोमल आरएनएच्या जनुकात बसतो, म्हणजे नेमका तिथेच जिथे त्या दोन अँटिबायोटिकच्या रेझिस्टन्सच्या खुणा आहेत. या इंट्रॉनच्या पोटात एक प्रोटीनचं जनुक आहे, ते प्रोटीन म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, नाव आय-एससीई-वन.

हे एन्झाइम काय करतं ते अगदी जवळून बघू. ते डीएनएवर 18 अक्षरांची एक ओळ शोधतं, टी-ए-जी-जी-जी-ए-टी-ए-ए-सी-ए-जी-जी-जी-टी-ए-ए-टी. ही ओळ ओमेगा मायनस यीस्टच्या त्या जनुकात आहे. एन्झाइम तिथे बसतं आणि डीएनएच्या दोन्ही साखळ्या कापतं. दोन्ही साखळ्या तुटणं हे पेशीसाठी संकटच, ते जोडावंच लागतं, आणि जोडायची खात्रीची पद्धत म्हणजे तसाच दुसरा न तुटलेला डीएनए शोधून त्याच्यावरून मधला भाग उतरवून घेणं. शेजारी काय उपलब्ध आहे? ओमेगा प्लसवाल्या पालकाचा डीएनए, ज्यात त्याच जागी इंट्रॉन बसलेला आहे. मग दुरुस्ती होताना इंट्रॉनही उतरवला जातो, आणि त्याच्या आजूबाजूचा काही भागही सोबत येतो. त्या आजूबाजूच्या भागातच अँटिबायोटिकच्या खुणा होत्या. 1970 च्या त्या एकतर्फी निकालांचं कारण हेच, खुणा स्वतः जिंकत नव्हत्या, त्या इंट्रॉनच्या ओढीने ओढल्या जात होत्या. 1985 मध्ये जाकिए आणि द्युजाँ यांनी दाखवलं की हे सगळं त्या इंट्रॉनमधल्या प्रोटीनमुळेच होतं, प्रोटीन बिघडवलं की पसरणं थांबतं.

आणि ओमेगा प्लसचा स्वतःचा डीएनए का कापला जात नाही? कारण तिथे ती 18 अक्षरांची ओळ सलग उरलेलीच नाही, इंट्रॉन बरोबर तिच्या मध्ये बसलेला आहे. जिथे मी आहे तिथे कापायचं नाही, जिथे मी नाही तिथेच कापायचं, हा नियम वेगळा कुठे लिहावा लागला नाही, तो जागेच्या निवडीतच आलाय. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जितकं भारी वाटलं तितकंच अजूनही वाटतं. या प्रकाराला होमिंग म्हणतात.

एक छोटी गोष्ट जाता जाता. हे एन्झाइम बॅक्टेरियात बनवून तपासायचं होतं पण सरळ जनुक उचलून टाकता येईना, कारण यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाची जनुकीय भाषा थोडी वेगळी आहे. प्रोटीन बनवताना आरएनए तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत, म्हणजे कोडॉनमध्ये, वाचला जातो (आरएनएमध्ये टी च्या जागी यू असतो). सहसा यूजीए म्हणजे थांबा, इथे त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन हा प्रोटीनचा घटक. सीयू ने सुरू होणारे चार कोडॉन सहसा ल्युसीन हा घटक, इथे थ्रिओनीन. म्हणून अख्खं जनुक बाकीच्या जगाच्या भाषेत परत लिहावं लागलं, तेव्हा कुठे 1986 मध्ये ते ई. कोलाय बॅक्टेरियात चाललं.

आता दुसरा अर्धा भाग. एखादा तुकडा जनुकाच्या मधोमध घुसला तर जनुक बंद पडायला हवं, आणि हे रायबोझोमचं जनुक आहे, ते बंद पडलं तर मायटोकॉन्ड्रिया प्रोटीनच बनवू शकणार नाही. पण इंट्रॉन आरएनएमधून स्वतःहून बाहेर पडतो. हा शोध मायटोकॉन्ड्रियात नाही लागला, टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जीवाच्या केंद्रकातल्या अशाच एका इंट्रॉनवर थॉमस चेक काम करत होते, 1982 मध्ये त्यांना दिसलं की कुठलंही प्रोटीन नसताना नुसता आरएनए स्वतःला कापतो आणि जोडतो. 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना सिडनी ऑल्टमन यांच्यासोबत मिळालं. ओमेगा त्याच गटातला, ग्रुप वन म्हणतात. म्हणजे डीएनएमध्ये घुसायचं कापणाऱ्या एन्झाइमच्या जोरावर आणि आरएनएमधून निघून जायचं स्वतःच्या घडीच्या, म्हणजे दुमडलेल्या आकाराच्या, जोरावर. नुकसान जवळपास शून्य, म्हणून पेशीलाही त्याला हाकलायची निकड नाही.

हा प्रकार फक्त यीस्टचा नाही. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शेवाळात स्मिथी नावाच्या प्रकारात सायटोक्रोम बी (श्वसनाला लागणारं एक प्रोटीन) च्या जनुकात असा इंट्रॉन आहे, त्याचा क्रॉस राइनहार्टी या प्रकाराशी केला की इंट्रॉन तिकडच्या मोकळ्या जनुकात उडी मारतो. अकँथअमीबा या अमीबाच्या मायटोकॉन्ड्रियात एकाच रायबोझोमल जनुकात तीन ग्रुप वन इंट्रॉन आहेत.

मग प्रश्न येतो की इतकं सोपं आहे तर सगळीकडे सगळ्या जागा भरून का गेल्या नाहीत? याचं उत्तर ऑस्टिन बर्ट आणि मॅथ्यू गोडार्ड यांनी 1999 मध्ये शोधलं, वेगवेगळ्या जातींच्या यीस्टमध्ये ओमेगाची अवस्था तपासून. काही जातींत तो पूर्ण चालू, काहींत इंट्रॉन आहे पण एन्झाइमचं जनुक सडलेलं, आणि काहींत जागा पूर्ण रिकामी. यातून जे चक्र दिसतं ते असं. इंट्रॉन नव्या जातीत येतो, भराभर पसरतो, थोड्या काळात सगळ्यांकडे होतो. आता कापायला मोकळी जागाच उरली नाही, म्हणजे एन्झाइमला काम नाही. काम नसलेल्या जनुकात चुका साठत गेल्या तरी कुणाला फरक पडत नाही, नैसर्गिक निवड त्यांना वगळत नाही, हळूहळू एन्झाइम मरतं. मग कधीतरी मेलेला इंट्रॉनही जीनोममधून स्वच्छ निघून जातो आणि जागा परत रिकामी होते. रिकामी जागा म्हणजे परत आत यायची संधी, पण तोपर्यंत या जातीत जिवंत ओमेगा कुणाकडेच नाही, तो बाहेरून, दुसऱ्या जातीकडून यावा लागतो. म्हणजे या तुकड्याला कायम टिकायचं असेल तर त्याला जाती ओलांडत राहणं भागच आहे, एका जागी यशस्वी झाला की तिथे त्याचा शेवट सुरू होतो.

आणि आता ते आईकडूनवालं आठवा. होमिंगसाठी इंट्रॉन असलेला आणि नसलेला असे दोन डीएनए एकाच जागी भेटायला लागतात. जिथे मायटोकॉन्ड्रिया एकाच पालकाकडून येतात तिथे ही भेट होतच नाही, तुकडा ज्या वंशात आहे त्यातच अडकून पडतो. प्राण्यांचे मायटोकॉन्ड्रियल जीनोम इतके स्वच्छ असण्याचं हे एक पटण्यासारखं कारण आहे. एकमेव नाही, मायकल लिंच यांनी 2006 मध्ये दुसरं मांडलं, की प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात म्युटेशनचा वेग जास्त असतो, आणि प्रत्येक जादा अक्षर म्हणजे बिघडायला आणखी एक जागा, त्यामुळे फालतू डीएनए बाळगणं तिथे महाग पडतं. दोन्ही गोष्टी एकावेळी खऱ्या असू शकतात.

एन्झाइम मरण्यापासून वाचायचा एक मार्ग मात्र काही इंट्रॉनना सापडलाय, पेशीच्या, खरं तर स्वतःच्याच, कामाला येणं. यीस्टमध्ये सायटोक्रोम बी च्या जनुकातला चौथा इंट्रॉन, बी-आय-4, जे प्रोटीन बनवतो ते डीएनए कापत नाही, ते इंट्रॉनला आरएनएमधून बाहेर पडायला मदत करतं. अशा प्रोटीनला मॅच्युरेज म्हणतात, स्लोनिम्स्की यांच्याच लॅबमधून 1980 मध्ये हे आलं. आता हे प्रोटीन बिघडलं तर इंट्रॉन आत अडकतो, सायटोक्रोम बी बनत नाही, श्वसन बंद. म्हणजे आता निवड त्या प्रोटीनला सांभाळते. गंमत पुढे आहे, बी-आय-4 चं प्रोटीन दुसऱ्याच एका जनुकातला, सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या (हेही श्वसनाचंच एन्झाइम) पहिल्या जनुकातला ए-आय-4 हा इंट्रॉन काढायलाही लागतं. दोन वेगळी जनुकं, दोन वेगळे घुसखोर, आणि एकावाचून दुसऱ्याचं चालत नाही. एखाद्याला वाटेल की बघा, इंट्रॉन किती महत्त्वाचे. पण 1987 मध्ये सेराफिन आणि सहकाऱ्यांनी असं यीस्ट तयार केलं ज्याच्या मायटोकॉन्ड्रियात एकही इंट्रॉन नाही, आणि ते जगतं, श्वसन करतं. बी-आय-4 एकटा बिघडवा, पेशीचं श्वसन थांबतं, सगळेच इंट्रॉन एकदम काढा, काही होत नाही. गरज खरी आहे, पण ती गरज इंट्रॉननीच तयार केलेली आहे. हे वाक्य परत वाचा, कारण या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं माझ्या मते हेच आहे.

दुसरा गट आहे ग्रुप टू इंट्रॉनचा. यांची रीत वेगळी, यांच्या प्रोटीनमध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज असतं, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम. कापून बाहेर पडलेला इंट्रॉनचा आरएनए सरळ मोकळ्या डीएनएच्या जागेत शिरतो आणि मग त्याच्यावरून डीएनए बनतो. यीस्टच्या सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या त्याच जनुकातले पहिले दोन इंट्रॉन या गटातले. बॅक्टेरियातही हे भरपूर आहेत, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाचा मूळ पूर्वज यांना सोबतच घेऊन आला असावा असं मानलं जातं. आपल्या केंद्रकातल्या जनुकांमध्ये जे हजारो इंट्रॉन आहेत आणि ते काढणारं स्प्लायसियोझोम नावाचं जे अवाढव्य यंत्र आहे त्याचं मूळही इथेच असावं, कारण रासायनिक पायऱ्या त्याच, गाठ मारलेल्या दोरासारखा बाहेर पडणारा आरएनएचा आकार तोच, आणि स्प्लायसियोझोमच्या मध्यभागी असलेल्या पीआरपी-8 या प्रोटीनमध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजसारखा भाग 2013 मध्ये स्पष्ट दिसला. 2006 मध्ये मार्टिन आणि कूनिन यांनी तर असं मांडलं की केंद्रकाची भिंतच या इंट्रॉनच्या हल्ल्यामुळे आली, कारण इंट्रॉन काढणं हळू चालतं आणि प्रोटीन बनवणं भराभर, दोन्ही वेगळं ठेवलं नाही तर अर्धवट आरएनएवरून निकामी प्रोटीन बनत राहतील. हे अजून गृहीतकच आहे, पण विचार करायला लावणारं आहे.

इंट्रॉनशिवाय लहान-सहान प्रकारही खूप आहेत. यीस्टचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए ए आणि टी ने भरलेला, जी-सी चं प्रमाण जेमतेम 17-18 टक्के, पण त्यात मध्येमध्ये जी-सी ने गच्च असे छोटे पुंजके आहेत, सुमारे 200. हेही पसरतात. वार-1 नावाचं एक जनुक रायबोझोमचं प्रोटीन बनवतं, काही यीस्टमध्ये त्यात 46 अक्षरांचा असा पुंजका आहे, काहींत नाही, आणि क्रॉस केला की नसलेल्याकडे जातो. म्हणजे चालू जनुकाच्या आत घुसून, प्रोटीनची लांबी बदलून सुद्धा जनुक चालू राहतं.

त्याहून अचंबित करणारं मॅग्नुसिओमायसीस कॅपिटाटस या यीस्टमध्ये 2014 मध्ये सापडलं. याच्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांमध्ये काही डझन अक्षरांचे 81 तुकडे घुसलेले आहेत, आणि ते आरएनएमधून काढलेच जात नाहीत. ते तसेच राहतात, रायबोझोम वाचत वाचत तिथे येतो, उडी मारतो, पलीकडे उतरतो आणि पुढे वाचायला लागतो. अशी उडी त्याआधी मुख्यतः टी-4 या बॅक्टेरियाच्या व्हायरसच्या एका जनुकात माहिती होती. इथे एकाच छोट्या जीनोममध्ये 81 ठिकाणी. हे तुकडेही कधीतरी पसरत गेले असणार असा संशोधकांचा अंदाज आहे, कारण एकदा रायबोझोम उडी मारतो म्हटल्यावर नवा तुकडा घुसला तरी नुकसान होत नाही.

आणि मग उघड नुकसान करूनही पसरणारे. 1949 मध्ये पॅरिसला बोरिस एफ्रुसी यांनी यीस्टच्या अशा वसाहतींचं वर्णन केलं ज्या खूपच लहान राहतात, त्यांना पेटीट म्हणतात, श्वसन बंद पडलेलं, नुसत्या फर्मेंटेशनवर जगतात. त्यातल्या काहींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बघितला तर 85 हजारांमधला काहीशे ते हजार-दोन हजार अक्षरांचा एकच तुकडा उरलेला असतो, कामाचं एकही जनुक नाही, फक्त कॉपी सुरू करायची जागा, ओरी, आणि तोच तुकडा परत परत परत. निरोगी यीस्टशी याचा क्रॉस केला तर 95 टक्क्यांहून जास्त संतती पेटीट निघते. जास्त ओरी, जास्त कॉपी, बाकी कशाशी देणंघेणं नाही. यीस्ट श्वसनाशिवाय जगू शकतं म्हणून आपल्याला हे दिसतं तरी, ज्या जीवाला ते जमत नाही तिथे असा तुकडा पेशीसकट संपतो.

फिसारम नावाची एक पिवळी स्लाइम मोल्ड आहे, हातभर पसरलेली एकच पेशी आणि आत असंख्य केंद्रकं. तिच्या काही स्ट्रेनमध्ये मायटोकॉन्ड्रियात एमएफ नावाचा साधारण साडेचौदा हजार अक्षरांचा सरळ प्लाझ्मिड (मुख्य जीनोमपासून वेगळा छोटा डीएनए) असतो, आणि तो असला की मायटोकॉन्ड्रिया एकमेकांत विलीन व्हायला लागतात. विलीन झाल्या की प्लाझ्मिडला दुसऱ्या मायटोकॉन्ड्रियात जाता येतं. भेट होत नाही ही अडचण वर सांगितली, यानं भेटच घडवून आणली. शिवाय तो मायटोकॉन्ड्रियाच्या मुख्य डीएनएशी जोडला जाऊन गोल डीएनए सरळ करतो. टेट्राहायमेना, क्लॅमिडोमोनास, कॅन्डिडाच्या काही जाती यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए कायमचाच सरळ आहे, आणि त्या टोकांचं मूळ अशाच प्लाझ्मिडमध्ये असावं असं बऱ्याच जणांना वाटतं.

शेवटी ट्रायपॅनोसोमा, कारण त्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, जरी इथे फिरता तुकडा असा नजरेसमोर नाहीये. स्लीपिंग सिकनेसचा हा परजीवी, याच्या मायटोकॉन्ड्रियात काही डझन मोठ्या रिंगा आणि हजारो लहान रिंगा एकमेकीत अडकून एक जाळं बनलेलं असतं. 1986 मध्ये ॲमस्टरडॅमला रॉब बेन आणि सहकाऱ्यांना दिसलं की सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या दुसऱ्या जनुकाच्या आरएनएमध्ये 4 यू अशी आहेत जी डीएनएमध्ये नाहीतच. ती नंतर भरली जातात. पुढे तिसऱ्या जनुकाचा आरएनए बघितला तर त्यात 547 यू भरलेली आणि 41 काढलेली, म्हणजे तयार आरएनएचा अर्ध्याहून जास्त भाग जनुकात लिहिलेलाच नाही. कुठे भरायचं हे सांगणारे छोटे गाइड आरएनए बहुतेक त्या लहान रिंगांवरून येतात. एवढा खटाटोप कशासाठी? ग्रे, लुकेश, डूलिटल वगैरे मंडळींचं उत्तर असं की कशासाठीच नाही. यू भरणारी यंत्रणा दुसऱ्या कुठल्या कामातून आधीच तयार होती, ती असल्यामुळे जनुकातलं एखादं अक्षर हरवलं तरी निभावलं, मग दुसरं हरवलं, तिसरं हरवलं, आणि आता यंत्रणा काढता येत नाही कारण शेकडो चुका तिच्या भरवशावर आहेत. मॅच्युरेजची गोष्ट आणि ही गोष्ट आतून एकच आहे. ट्रायपॅनोसोमाच्या नात्यातल्या डिप्लोनेमामध्ये तर सायटोक्रोम ऑक्सिडेजचं पहिलं जनुक 9 तुकड्यांत वेगवेगळ्या रिंगांवर विखुरलंय, आरएनए जोडूनच ते पूर्ण होतं.

आता ओमेगाच्या त्या एन्झाइमचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण ते लॅबमधून बाहेर पडलं. 18 अक्षरांची ठराविक ओळ योगायोगाने यायची शक्यता साधारण 6,900 कोटी अक्षरांत एकदा, आणि माणसाचा जीनोम आहे 300 कोटींचा, म्हणजे ती ओळ मुद्दाम जिथे ठेवू तिथेच आय-एससीई-वन कापणार. 1994 मध्ये मारिया जेसिन यांच्या लॅबने हे सस्तन प्राण्यांच्या पेशीत वापरून दाखवलं की डीएनए नेमका एका जागी तोडला की तिथली दुरुस्ती कितीतरी पटीने वाढते, जीन एडिटिंगचा पाया त्यातच आहे. आणि यीस्टमधलं ते चक्र शोधणारे ऑस्टिन बर्ट यांनी 2003 मध्ये सुचवलं की असलं होमिंग डासांमध्ये घालून एखादं जनुक अख्ख्या लोकसंख्येत पसरवता येईल. 2011 मध्ये ॲनोफिलिस गॅम्बिए डासांवर लॅबमध्ये हे करून बघितलं, आय-एससीई-वनच घालून, आणि पिंजऱ्यातल्या डासांमध्ये ते पसरलं. पुढचे प्रयोग बहुतेक क्रिस्परवर (जीन एडिटिंगचं नंतरचं साधन) गेले, पण एक अडचण अजूनही येते, कापायच्या जागेतली अक्षरं बदलली की एन्झाइमला ती जागा ओळखता येत नाही, आणि असे बदललेले डास मागे उरून वाढायला लागतात.